डाव आणि तोड : महाराष्ट्रातील नि:शस्त्र आत्मरक्षणाची परंपरा

शके १५८१ च्या मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीस, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याजवळील शामियान्यात जो प्रसंग घडला तो महाराष्ट्रातील लहान मुलासही ठाऊक आहे. पोवाड्यांनी तो गाइला, चित्रकारांनी रंगविला, आणि या साऱ्यांत वाघनख हेच त्या प्रसंगाचे मुख्य चिन्ह होऊन बसले. परंतु कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे जी बखर लिहिली, तीत या झटापटीचे वर्णन बारकाईने वाचले असता एक वेगळीच गोष्ट नजरेस येते. खानाने भेटीच्या निमित्ताने महाराजांस कवेत घेऊन त्यांची मान आपल्या खाकेखाली दाबली आणि दुसऱ्या हाताने कुशीत जमदाडेचा वार केला. अंगरख्याखाली चिलखत होते म्हणून तो वार खरवडून गेला. मग वाघनख चालले, बिचवा चालला. आणि या दोन वारांनंतर महाराजांनी आपली मान हिसडून सोडविली व चौथऱ्याखाली उडी घेतली.

वाचक वाघनखापाशी थांबतो. जाणता वस्ताद मात्र शेवटच्या वाक्यापाशी थांबेल. धिप्पाड देहाच्या पुरुषाने खाकेत आवळलेली मान सोडविणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हे. ज्याची मान वर्षानुवर्षे मेहनतीने तयार झालेली आहे, ज्याच्या अंगाला अशा पकडीचा पूर्वीपासून परिचय आहे आणि श्वास कोंडत असतानाही ज्याची बुद्धी डळमळत नाही, त्यालाच ते साधते. शस्त्र कोणाच्याही हाती देता येते. सोडवणूक मात्र अंगी मुरवावी लागते. आत्मरक्षणाच्या भारतीय विद्येचा, आणि विशेषत: महाराष्ट्रात ती ज्या स्वरूपात वाढली त्या स्वरूपाचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा. शत्रूस मारावे कसे यापेक्षा शत्रूच्या हातून सुटावे कसे, हा या विद्येचा खरा गाभा होय. तालमीच्या भाषेत यालाच ‘तोड’ म्हणतात. प्रत्येक डावाला तोड असते, आणि जो वस्ताद डाव शिकवून त्याची तोड शिकवीत नाही त्याचे शिकविणे अर्धेच राहिले असे जुन्या तालमींत मानीत.

या विद्येचा शास्त्रीय विचार आपल्या प्रदेशात किती जुना आहे याची साक्ष एका राजाने लिहून ठेवली आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. सोलापूर-धाराशिवकडील मराठी मुलखाला अगदी लागून असलेले गाव. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात ही नोंद ज्या ग्रंथात सापडते तो हाच ग्रंथ. राजाने विनोद म्हणून पाहावयाच्या गोष्टींत मल्लयुद्धाचा अंतर्भाव त्यात केला आहे. मल्लांचे वय, शरीर आणि बळ पाहून ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग पाडावेत, त्यांना कोणता आहार द्यावा, त्यांनी मेहनत कशी करावी, हे सर्व त्यात आले आहे. मेहनतीचे प्रकार तर आजच्या तालमीतील वाटावेत असे आहेत: भारश्रम म्हणजे वजन उचलणे, भ्रमणश्रम म्हणजे चालणे, सलिलश्रम म्हणजे पाण्यातील पोहणे, बाहूंनी एकमेकांस रेटण्याचा श्रम आणि स्तंभश्रम म्हणजे खांबाशी केलेली कसरत. हा शेवटचा प्रकार वाचकांनी स्मरणात ठेवावा. पुढे सुमारे पावणेसातशे वर्षांनी याच भूमीत खांब पुन्हा उभा राहिला, त्याची हकीकत येणारच आहे.

राजदरबारची मल्लविद्या आणि आत्मरक्षणाची विद्या या दोहोंत मात्र अंतर आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. विजयनगरास १५२० च्या सुमारास आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने महानवमीच्या उत्सवातील मल्लयुद्धे पाहिली. दात पडावेत, डोळे फुटावेत असे ठोसे त्यात चालत, असे तो लिहितो. गुजरातेतील मोढेऱ्याकडून निघून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या ज्येष्ठीमल्लांची वज्रमुष्टी याच जातीची होय. मुठीत शिंगाचे दातेरी शस्त्र धरून ते एकमेकांशी झुंजत. बडोद्यास खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६० च्या दशकात, रूसले या फ्रेंच प्रवाशाने असली झुंज पाहिली आणि तिचे रक्तरंजित वर्णन करून ठेवले. म्हैसूरच्या दसऱ्यात वज्रमुष्टीची प्रथा पुढेही चालत आली. तिचे शौर्य नाकारता येणार नाही. तथापि, राजाच्या करमणुकीसाठी दोन मल्लांनी परस्परांचे मस्तक फोडावे, यास विद्येचे सार्थक म्हणवत नाही.

महाराष्ट्रातील तालमीने वेगळी वाट धरली. कुस्तीचे जे चार प्रकार परंपरेने सांगितले जातात त्यांवरूनच ही वाट कळते. केवळ बळाच्या जोरावर प्रतिपक्षास उचलून टाकणारी ती भीमसेनी. चपळाईने आणि युक्तीने आपल्यापेक्षा थोरास पाडणारी ती हनुमंती. हातपाय अशा रीतीने जखडणारी की प्रतिपक्षाने हालचालच करू नये, ती जांबुवंती. आणि हाड मोडण्यापर्यंत, प्राणापर्यंत जाणारी ती जरासंधी. या चारींपैकी जरासंधीस तालमीच्या मातीत मज्जाव असे. ती ठाऊक असावी, पण सोबत्यावर वापरू नये, असा दंडक होता. हनुमंतीस सर्वांत अधिक मान, कारण दुर्बलास उपयोगी पडणारी तीच. भक्तिमार्गातील वाचकास येथे सहज आठवण होईल की तालमीच्या कोनाड्यात भीमाची मूर्ती नसते, मारुतीची असते.

मारुतीची ही प्रतिष्ठा समर्थ रामदासांच्या कार्याशी निगडित आहे. शके १५६६ ते १५७६, म्हणजे १६४४ पासून १६५४ पर्यंतच्या दहा वर्षांत, शहापूर, मसूर, चाफळ, शिंगणवाडी, उंब्रज, माजगाव, बहे, मनपाडळे, पारगाव आणि शिराळे या गावी त्यांनी अकरा मारुती स्थापन केले. त्यांपैकी चाफळास दोन. शहापूरचा पहिला आणि शिराळ्याचा शेवटचा. यांच्या स्थापनेचा काळ पाहावा: शेवटचा मारुती बसला आणि अवघ्या पाच वर्षांनी प्रतापगडाचा प्रसंग उभा राहिला. या दोन गोष्टींचा कार्यकारणभाव जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो जोडण्याचे कारण नाही. एकाच काळाची एकच गरज दोन्ही ठिकाणी दिसते, एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले. सज्जनगडावर समर्थांची कुबडी दाखविली जाते, तिच्या दांड्यात गुप्ती आहे. जपाला बसताना हात टेकावयाची वस्तू आणि वाटेवर प्रसंग पडल्यास रक्षण करणारी वस्तू एकच असावी, हे त्या काळच्या फिरत्या साधूचे वास्तव होते.

आता या विद्येचे प्रत्यक्ष स्वरूप काय, ते थोडे पाहिले पाहिजे. नाही तर सारे बोलणे स्तुतीपुरतेच उरेल. तालमीतील हौदा म्हणजे लाल मातीचा खोलगट आखाडा. तांबडी माती चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे पदार्थ घालून ती मळलेली असते. अशा मातीत पडणाऱ्यास इजा कमी होते आणि किरकोळ खरचटणे चिघळत नाही. येथे पोरगा प्रथम पडावयास शिकतो. मग जोर, बैठका, मानेची मेहनत. आणि नंतर खडाखडी, म्हणजे उभ्या उभ्या एकमेकांच्या मानेवर, मनगटावर हात टाकून अंदाज घेणे. बाहेरच्या माणसास ही खडाखडी वेळकाढूपणा वाटते. वास्तविक आत्मरक्षणाचा पहिला धडा तोच आहे. दुसऱ्याच्या हाताचा स्पर्श झाला की दचकून अंग आखडावयाचे नाही, तो हात कोणीकडे ओढतो ते ओळखावयाचे, हे रोजच्या खडाखडीनेच अंगवळणी पडते.

मनगट धरले असता ते कसे सुटते? धरणाऱ्याची चार बोटे एका बाजूस असतात आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूस. मुठीचे तोंड जेथे अंगठा व बोटे भिडतात तेथे. आपल्या मनगटाची निमुळती कड त्या तोंडाकडे फिरवावी, कोपर प्रतिपक्षाच्या अंगाकडे न्यावे आणि सारे शरीर वळवून एकाच हिसड्याने हात काढावा. नुसत्या दंडाच्या जोरावर मागे ओढणारा थकतो. कोपर पुढे घालणारा सुटतो. मान खाकेत सापडली असता हनुवटी छातीस चिकटवून खांदे वर घ्यावेत, तोंड प्रतिपक्षाच्या बरगडीकडे वळवावे म्हणजे श्वासाला वाट राहते. एका हाताने त्याचे मनगट खाली खेचावे, दुसरा हात त्याच्या गुडघ्यामागे घालावा. गुडघा लवला की पकड सैल होते आणि डोके मागच्या अंगाने निघते. पाठीमागून कंबरेस कव पडली तर उंच होऊ पाहणारा उचलला जातो; पाय फाकून, बूड खाली सोडून जड व्हावे, त्याच्या हाताचे एखादे बोट उलटे उकलावे, आणि त्याचे पाऊल आपल्या दोन पायांमध्ये आले तर ते खाली वाकून उचलावे. या तिन्ही तोडींत ठोसा नाही की लाथ नाही. प्रतिपक्षाचे बळ कोठे आहे याची जाण आणि ते जेथे नाही तेथे आपले सारे अंग घालण्याची सवय, एवढाच त्यांचा पाया आहे.

हे वाचून कोणास सोपे वाटले तर ती मात्र फसगत होईल. कागदावर तोड एका ओळीची असते. मातीत ती शेकडो वेळा चुकते, आणि शेवटी एक दिवस न ठरविता आपोआप घडते. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांची ढाक प्रसिद्ध होती. १९५२ साली हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळविले; स्वतंत्र भारतातील खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक पदक. तेथे माती नव्हती, चटई होती. नियम परके होते. तरीही लाल मातीतील घोटलेली विद्या तेथे कामास आली. पुढे ते पोलिस दलात अधिकारी झाले.

ढाक, पट, टांग, कैची, कलाजंग, धोबीपछाड ही नावे आजही मैदानात ऐकू येतात. आत्मरक्षणाच्या दृष्टीने मात्र कुस्तीच्याही पलीकडे असलेल्या दोन विद्या महत्त्वाच्या होत्या, आणि त्यांची नावेसुद्धा आता फारशी कोणास ठाऊक नाहीत. एक बंदेश आणि दुसरी बिनोट. कुस्तीत दोघेही नि:शस्त्र असतात. बंदेशीत समोरच्याच्या हाती सुरा, लाठी किंवा तलवार असते, आणि आपल्या हाती काहीच नसते किंवा त्याहून लहान साधन असते. त्याचा जीव न घेता त्याचे शस्त्र काढून घेणे यात तिची फत्ते. सामन्यातही ज्याने शस्त्र हिरावले तो विजयी. बिनोटही याच कुळातील. आखूड काठी, टोकास नाणे बांधलेला रुमाल, नाही तर रिकामा हात, यांवर ती चालते. सुऱ्याच्या वारापुढे मागे मागे सरणारा अखेर भिंतीस भिडतो. म्हणून वार निघताच बाजूस पवित्रा टाकून आत शिरावे, मनगट आणि कोपर ही दोन्ही एकदम काबूत घ्यावीत, अंगावर उपरणे असल्यास ते डाव्या हातास गुंडाळून ढालीसारखे वापरावे, असे तिचे धोरण. येथेही एक खुलासा अवश्य आहे. पळावयास वाट असताना नि:शस्त्राने सशस्त्राशी भिडू नये. कोंडीत सापडलेल्याने करावयाचा हा शेवटचा उपाय आहे. लाठीस लाठीने आणि पट्ट्यास फरीने उत्तर द्यावे हाच राजमार्ग.

या विद्येच्या इतिहासातील एक महत्त्वाचे वळण जसोंडीच्या परिसरातच पडले आहे, ही गोष्ट येथील वाचकांस विशेष वाटेल. ते समजण्यासाठी प्रथम पुण्यास जावे लागते. नाशिक जिल्ह्यातील कोठुरे येथील बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे मल्लविद्येतील गुरू. परंपरा सांगते की निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य मल्ल पुण्यास आले आणि त्यांनी पेशव्यांच्या दरबारी आव्हान दिले. कोणी पुढे होईना. तेव्हा तरुण बाळंभटदादांनी आव्हान स्वीकारले, तयारीसाठी मुदत मागून घेतली आणि ते वणीच्या सप्तशृंगीच्या चरणी जाऊन राहिले. तेथे मारुतीने लाकडी खांबावरील कसरतीचा दृष्टान्त दिला. परत येऊन त्यांनी अलीस चीत केले. ते पाहून गुलाब न लढताच निघून गेला. दृष्टान्ताचा अर्थ भाविकाने आपल्या भावनेप्रमाणे घ्यावा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की त्या काळापासून मल्लखांब ही स्वतंत्र विद्या म्हणून नावारूपास आली.

मल्लखांबाकडे आता लोक डोळे दिपविणारी कसरत म्हणून पाहतात. मूळचा तो कधी न थकणारा, कधी न रागावणारा प्रतिमल्ल आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबास मांड्यांनी अढी मारून राहावयाचे, बगलेत खांब धरावयाचा, दसरंग, फरारे, वेल यांत अंग उलटसुलट फिरवीत पकड बदलावयाची. ज्याची अढी खांबावर टिकते त्याची कैची माणसाच्या अंगावर सुटत नाही. आणि उलटे लोंबकळतानाही ज्याचे दिशांचे भान राहते तो खाली पाडला गेला तरी गोंधळत नाही. ‘मानसोल्लासा’तील स्तंभश्रम या नव्या रूपाने पुन्हा प्रकट झाला असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे पेशवाईच बुडाली. नोव्हेंबर १८१७ पासून बाजीराव इंग्रज फौजांपुढे पळत होता. दक्षिण सुटली, नर्मदेपलीकडील वाटा बंद झाल्या, आणि अखेरीस त्याचा तळ असीरगडाजवळ धुळकोट येथे पडला. ३ जून १८१८ रोजी तो सर जॉन मालकमच्या स्वाधीन झाला. वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक घेऊन त्याने गंगातीरी ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, राहावयाचे ठरले. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीकरांना धुळकोट आणि असीरगड ही काही दूरची नावे नव्हेत. शंभर वर्षांचे राज्य ज्या मातीत संपले ती ही माती. किल्ला मात्र आणखी दहा महिने टिकला. एप्रिल १८१९ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला.

राज्य गेले, तरी त्याच्या आश्रयाने वाढलेली विद्या गेली नाही. उलट ती उत्तरेस जाऊन अधिक पसरली. पेशव्यांच्या मागोमाग बाळंभटदादा उत्तरेस गेले, काशीस त्यांची परंपरा रुजली, आणि कोंडभटनाना गोडबोले यांच्यासारख्या शिष्यांनी ती तेथून चहूकडे नेली. बिठूरच्या वाड्यात नानासाहेब, तात्या टोपे आणि मनुताई म्हणजे पुढील राणी लक्ष्मीबाई यांनी लहानपणी या कसरती केल्या असे परंपरा सांगते. आणि राणीविषयी तर प्रत्यक्षदर्शी पुरावा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमीत झाशीस होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात, जो १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला, राणी पहाटे उठून मल्लखांबाची कसरत करीत असे व मग घोड्यावर बसत असे, अशी हकीकत आहे. स्त्रियांना ही विद्या वर्ज्य होती असे म्हणणाऱ्यांनी एका भिक्षुक ब्राह्मणाने सहजपणे लिहून ठेवलेली ही नोंद अवश्य वाचावी. गोडसेभटजींना त्यात नवल वाटले, पण गैर काही वाटले नाही.

पुण्यात त्याच सुमारास गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४-१८८१) यांची तालीम होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मातंग समाजातील या वस्तादाकडे सर्व जातींची मुले दांडपट्टा आणि कुस्ती शिकावयास येत. जोतीराव फुले आणि पुढे वासुदेव बळवंत फडके हे त्यांतलेच. मुलींची शाळा काढल्यानंतर जोतीरावांवर १८५६ मध्ये दोन मारेकरी घातले गेले. रात्री जाग आली, दिव्याच्या उजेडात दोघे शस्त्रे घेऊन उभे दिसले. तालमीत घडलेल्या जोतीरावांनी त्या वेळी हातच उचलला नाही; शांतपणे त्यांची विचारपूस केली, आणि ते दोघेही शस्त्रे टाकून त्यांचे अनुयायी झाले. त्यांतील धोंडीराम कुंभार पुढे विद्वान म्हणून नावाजला. भयाने थरथरणाऱ्या माणसास अशी विचारपूस करता आली असती काय, हा प्रश्न मनात येतोच.

१८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातील शस्त्र गेले. अशा वेळी नि:शस्त्र विद्येचे मोल वाढावयास हवे होते. घडले उलट. कारण ही विद्या वस्तादांच्या मुठीत बंद होती. वाघास सारे शिकवून झाडावर चढावयाचे तेवढे न शिकविणारी मांजर ही आपल्याकडे वाघाची मावशी म्हणून शहाणी ठरली आहे, आणि बहुतेक वस्तादांनी तिचाच कित्ता गिरविला. शेवटचा डाव पोटच्या पोरास किंवा एखाद्याच पट्टशिष्यास द्यावयाचा. तो पट्टशिष्य अकाली गेला की डावही गेला. भीती अगदीच निराधार नव्हती. अपात्राच्या हाती बंदेश पडली तर ती लुटारूच्याही कामाची. तथापि, अपात्रास मिळू नये म्हणून पात्रासही न देणे याची किंमत या विद्येने जबर दिली. बिनोटीतील कितीतरी हात अशा रीतीने शिष्याविनाच चितेवर गेले.

हाच प्रश्न जपानमध्येही उभा राहिला होता. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढून जुन्या युयुत्सूच्या वेगवेगळ्या घराण्यांतील पकडी एकत्र केल्या. इजा करणारे प्रकार मोकळ्या सरावातून वगळून केवळ ठराविक पाठांत ठेवले आणि उरलेली विद्या शाळकरी मुलांना खुली केली. आपल्याकडील जरासंधीचा दंडक आणि कानोंची ही योजना यांत तत्त्वत: फरक नाही, फरक खुलेपणाचा आहे. त्याचे फळ असे की १९२९ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात ज्युदो शिकविण्यासाठी ताकागाकी या जपानी शिक्षकास बोलाविले, तेव्हा मुलामुलींना लगेच देता येईल असा पाठक्रम त्यांच्यापाशी सिद्ध होता.

आपल्याकडे हे काम बडोद्यास झाले. तेथे जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते आणि माणिकराव हे त्यांचे हिंदू शिष्य. गुरूने शिष्यास हातचे राखून ठेवले नाही, आणि शिष्यानेही पुढे तसेच केले. एकेकट्यास कानात सांगावयाच्या गोष्टी माणिकरावांनी हिंदी आज्ञांवर शेकडो मुलांकडून एकदम करवून घेतल्या. संघव्यायाम हे त्याचे नाव. लाठी, फरीगदगा, जंबिया यांचे हात क्रमवार लावले गेले. अमरावतीस १९१४ मध्ये अनंत आणि अंबादास या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. आणि त्याच १९३६ साली बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या प्रकाशनास प्रारंभ केला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. १९५० मध्ये इंग्रजीतही एक मोठा ग्रंथ झाला. कुस्तीचे डाव आणि त्यांच्या तोडी, मल्लखांब, लाठी, बंदेश, बिनोट यांचे हात त्यांत वर्णन करून, छायाचित्रे घेऊन छापले गेले. छापील चित्रावरून कोणी मल्ल होत नाही, हे संपादकासही ठाऊक असणारच. परंतु वस्ताद गेला तरी डावाचे नाव आणि त्याची रीत उरावी, एवढी व्यवस्था त्यामुळे झाली.

माणिकरावांना राजरत्न ही पदवी मिळाली, त्यांचे नाव देशभर झाले, हाड बसविण्यातही ते निष्णात म्हणून दुरून रोगी येत. त्या साऱ्या लौकिकात संस्थेस स्वत:चे नाव देणे त्यांना कठीण नव्हते. बडोद्यातील त्या व्यायाममंदिराच्या दारावर नाव राहिले ते जुम्मादादांचेच.